आरसी ३९० वरून थेट झेडएक्स-१०आर: घ्यायची की थांबायचं?

तुझा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधी त्यातलं मुख्य तेवढं मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय २७, उंची पाच फूट सहा इंच, नोकरी हिंजवडीत, गाव कराडजवळ. तीन वर्षं केटीएम आरसी ३९० चालवतोयस, एकदाही पडला नाहीस. आता २०२१ ची कावासाकी निंजा झेडएक्स-१०आर साडेअकरा लाखांत मिळतेय. निम्मे पैसे हातात आहेत, निम्म्याचं कर्ज काढणार. गाडी ऑफिसला न्यायची, शनिवार-रविवार गावी जायचं, मधूनच ताम्हिणी घाट. मित्र म्हणतात घे, आई म्हणते नको. जमलं तर सुझुकीची हायाबुसाही बघू का, असंही विचारलंयस. आणि शेवटी, "दादा, मला झेपेल का?"

माझं मत आधीच सांगून टाकतो. ही गाडी आत्ता घेऊ नकोस. सुपरबाइक वाईट असं मानणारा माणूस मी नाही. पुण्यातल्या माझ्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं याच गाड्या येतात, चेन्नईजवळच्या ट्रॅकवर मी त्या चालवायला शिकवतो, आणि चार सिलिंडरचं इंजिन तेरा-चौदा हजार आरपीएमला जे ओरडतं त्याच्याइतकं मला या धंद्यात दुसरं काही आवडत नाही. पण चुकीच्या वेळी घेतलेली लिटर-क्लास, म्हणजे हजार सीसीच्या आसपासची गाडी पुढे कुठे जाते तेही मी बघत आलोय. एकतर वर्षाच्या आत विकायला निघते, नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली बॅटरी उतरवत बसते, नाहीतर टेम्पोत आडवी होऊन माझ्या दारात येते. ही तिसरी गाडी उतरवून घेताना आपण पहिल्यांदा चालवणाऱ्याची चौकशी करतो, गाडीकडे नंतर बघतो.

"झेपेल का" या प्रश्नात एक अडचण आहे. झेपेल. पहिल्याच दिवशी झेपेल. क्लच हलका, गिअर लोण्यासारखे, कमी आरपीएमला इंजिन अगदी शांत. चांदणी चौकापर्यंत जाऊन आलास की म्हणशील, उगाच घाबरवत होते सगळे. आजच्या लिटर-क्लास गाड्या चालवायला अवघड नाहीतच, आणि फसगत होते ती इथेच. आपली लायकी किती हे गाडी आपल्याला विचारत नाही. नव्या माणसाला ती तितक्याच गोडीने दीडशेला नेऊन पोचवते.

आता आकडे बघ. तुझी आरसी ४३.५ पीएसची (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप), वजन १७२ किलो. झेडएक्स-१०आर २०३ पीएसची, वजन २०७ किलो. म्हणजे वजन पस्तीस किलोंनी वाढलं आणि ताकद साडेचार पटींच्या वर गेली. तुझी आरसी सहाव्या गिअरमध्ये जीव तोडून जेमतेम १७० च्या आसपास पोचते. ही बाई पहिल्याच गिअरमध्ये दीडशेच्या घरात जाते आणि वर पाच गिअर शिल्लक असतात. गंमत म्हणजे दोन्ही गाड्या चाकणमधूनच बाहेर पडतात, पण त्यांच्यामध्ये जे अंतर आहे ते एका उडीत पार करायचं नसतं. युरोपात तर कायद्यानेच करू देत नाहीत. तिथे ए-टू नावाच्या लायसन्सवर ३५ किलोवॅटपर्यंतचीच मोटारसायकल चालवता येते, म्हणजे साधारण ४७.६ पीएस. त्यावर दोन वर्षं काढली की मगच पुढच्या परीक्षेचा किंवा प्रशिक्षणाचा रस्ता उघडतो. तुझी आरसी नेमकी त्या पायरीवर बसते. बारामतीत तयार होणारी अॅप्रिलिया आरएस ४५७ तर ४७.६ पीएसवरच आणून ठेवलीय, याच नियमासाठी. आपल्याकडे ज्या लायसन्सवर स्प्लेंडर चालते त्याच लायसन्सवर हायाबुसा चालते. मधली पायरी सरकारने बांधलेली नाही, ती आपली आपण बांधायची.

तीन वर्षं आरसी चालवलीस हे चांगलंच आहे, पण त्याने तुझ्या मनगटाला एक सवय लावलीय. तू रोज फुल थ्रॉटल देतोस. खंबाटकीचा घाट चढताना पुढे ट्रक आला की एक गिअर खाली, थ्रॉटल शेवटपर्यंत, आणि तरीही इंजिन ओढतंय की नाही याचा अंदाज घेत ओव्हरटेक. ३९० वर हे बरोबरच आहे, त्या गाडीला तेवढं पिळावंच लागतं. हीच सवय १०आरवर घेऊन गेलास आणि दुसऱ्या गिअरमध्ये तेवढंच मनगट फिरलं, तर ट्रकच्या मागून निघून त्याच्या पुढे येईपर्यंत तीनेक सेकंदांत तू ८० वरून दीडशेला पोचलेला असतोस, आणि पुढचं वळण तू ज्या वेगाला गृहीत धरलं होतंस तो वेग केव्हाच मागे पडलेला असतो. माझ्याकडे ट्रॅकवर ३९० वरून लिटरवर आलेली मुलं येतात, त्यांना शिकवायची पहिली गोष्ट म्हणजे थ्रॉटल उघडायचा कसा. वळणाच्या मध्यावर, गाडी कललेली असताना, दोन-चार मिलिमीटरचा फरक हाताला कळला पाहिजे. ही अक्कल हातात असते, डोक्यात नाही, आणि ती हातात यायला वेळ जातो.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायचीय ती सांगतो, कारण हिच्याबद्दल शोरूममध्ये कुणी बोलत नाही. रस्त्यावर तुझा वेग फक्त तू ठरवत नाहीस, समोरचाही मनात ठरवत असतो. तू गावी जाणार पुणे-सातारा-कराड महामार्गाने. दिवाळीनंतर कारखाने पेटले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर दुभाजकाच्या फटीतून रस्ता ओलांडतात. त्या ट्रॅक्टरवाल्याला लांबून दिसतं काय, तर एक दिवा आणि एक हेल्मेट. त्याच्या हिशेबात ती मोटारसायकल आहे, आणि मोटारसायकल म्हणजे साठ-सत्तर, फार तर ऐंशी. समजा तू २५० मीटरवर आहेस. ऐंशीने येत असशील तर तुला तिथे पोचायला अकरा सेकंद लागतात. दोन भरलेल्या ट्रॉल्यांसकट त्याला पलीकडे जायला सात-आठ सेकंद पुरतात, तो निघतो, बरोबर निघतो. तू १४० ने येत असशील तर तेच अंतर साडेसहा सेकंदांत संपतं. म्हणजे दुसरी ट्रॉली अजून तुझ्या लेनमध्ये आडवी आहे. त्याची चूक काय? त्याने आयुष्यभर ज्या गाड्या बघितल्या त्यांच्यावरून अंदाज बांधला. आरसीवर तू १४० गाठायला बराच रस्ता घेतोस आणि इंजिनाची धडपड तुला सतत आठवण करून देते. १०आरवर १४० हा सहाव्या गिअरमधला आरामाचा वेग वाटतो. हवा फेअरिंगवरून, म्हणजे पुढच्या प्लॅस्टिकच्या आवरणावरून निघून जाते, कंप नाही, आवाज नाही, नव्वद आहे असं वाटून काट्याकडे बघावं तर १४५.

थांबायचं गणितही बघून ठेव. कोरडा, चांगला रस्ता, टायर नीट, ब्रेक अचूक मारला आणि दचकून हात हलायला एक सेकंद गेला असं धरलं तर ताशी ६० ला साधारण ३५ मीटर लागतात. १२० ला शंभराच्या वर. १६० ला १७० मीटर. वेग दुप्पट झाला की ब्रेकने कापायचं अंतर चौपट होतं, त्यात कुठल्याही कंपनीचा ब्रेक काही करू शकत नाही. आणि ज्या चौपदरी रस्त्यावर तू हे करणार, तिथे दुचाकीला केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ८० आहे, इतर रस्त्यांवर ६०. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धीवर तर दुचाकीला प्रवेशच नाही, मग ती चार लाखांची असो की वीस लाखांची. ज्या रस्त्यांसाठी ही गाडी शोभली असती ते रस्ते तिला बंद आहेत.

ताम्हिणीचं म्हणालास. मुळशी सोडून पुढे गेलं की वळणं सुरू होतात आणि हात शिवशिवतात, मला कळतं. तिथली एक गोष्ट नीट समजून घे. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे उजवीकडच्या वळणावर आपण मधल्या पट्टीकडे झुकतो. टायर पट्टीच्या चांगला अलीकडे असतो, आपल्याला वाटतं आपण आपल्या लेनमध्ये आहोत. पण गाडी कललेली असते, अंग तिच्याही आत काढलेलं असतं, आणि आपलं डोकं पट्टीच्या पलीकडे, समोरून येणाऱ्याच्या लेनमध्ये असतं. एसटी वळणावर जागा सोडत नाही, तिला सोडता येत नाही. म्हणून घाटात उजवं वळण बाहेरच्या बाजूने, उशिरा आत घेत घ्यायचं, आणि बाहेर तर पावसाळ्यानंतर वाहून आलेली बारीक खडी पडलेली असते. म्हणजे वापरायला उरतो जेमतेम दीड मीटरचा पट्टा. त्या पट्ट्यात १७२ किलोची, अरुंद टायरची आरसी १०आरपेक्षा जास्त मजा देते, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. कुणी जाणकार सोबतीला घेऊन दोन्ही एकामागोमाग चालवून बघ. १०आरवर तू त्या घाटात दुसरा गिअर सोडणार नाहीस आणि थ्रॉटल पाव भागाच्या पुढे उघडणार नाहीस. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे ओढण्याचं बळ, अकरा हजार आरपीएमच्या पुढे कुठेतरी कळसाला पोचतो, तू असशील चार-पाच हजारांवर. गाडी कुरकुरत राहील आणि तू तिला सतत आवरत राहशील.

इलेक्ट्रॉनिक्सचं तू लिहिलंयस, की ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारं) आहे, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारं) आहे, रेन मोड (ताकद कमी करणारा) आहे, म्हणजे सुरक्षितच. ही सगळी यंत्रणा खरंच उत्तम आहे. एक सेन्सर गाडी किती कललीय, पुढचं चाक उचलतंय का, मागचं घसरतंय का हे क्षणोक्षणी मोजतो आणि ताकद कापतो. ओल्या रस्त्यावर घाईने थ्रॉटल उघडलास तर ती तुला वाचवेल. पण वळणात पसरलेलं डिझेल तिला आधी दिसत नाही, रंग न मारलेला गतिरोधक दिसत नाही, आणि वळणात तू ज्या वेगाने शिरलास तो जास्त होता हे ती तुला शिरल्यावरच सांगू शकते. रेन मोडवर टाकून शिकेन, हा बेतही मी खूप ऐकलाय. पहिले काही आठवडे लोक तो मोड पाळतात. मग एक रिकामा सरळ रस्ता मिळतो.

रोजच्या वापराचं थोडक्यात. सीटची उंची ८३५ मिलिमीटर, तुझे चवडे टेकतील, टाचा नाहीत. आरसीची सीट काही फार खाली नाही म्हणशील, पण पस्तीस किलो जास्त वजन चवड्यांवर तोलून तिरक्या पार्किंगमधून मागे ढकलणं वेगळं. या गाड्या जास्त करून उभ्या-उभ्याच पडतात, आणि उभी पडली तरी फेअरिंग, लिव्हर, फुटरेस्ट, इंजिनाचं कव्हर मिळून बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. हँडल कमी वळतं, यू-टर्नला दोनदा मागे-पुढे करावं लागतं. हिंजवडीच्या सिग्नलला एप्रिलमध्ये दहा मिनिटं अडकलास की पंखा सुरू होतो आणि सगळी गरम हवा मांड्यांवर. मनगटं भरून येतात. शहरात ॲव्हरेज बारा-तेराच्या पुढे धरू नकोस. ऑफिससाठी ही गाडी घेणार असशील तर तो विचार आजच सोड, ऑफिसला स्कूटर ने.

पैशांचा हिशेब तू फक्त किमतीचा केलायस. पावणेसहा लाखांचं कर्ज, जुन्या गाडीचा व्याजदर १४ टक्के धरला आणि चार वर्षांची मुदत घेतली तर हप्ता पावणेसोळा हजारांच्या आसपास बसतो. त्याच्यावर बाकीचं चढव. दोन्ही टायर मिळून पस्तीस-चाळीस हजार, आणि मागचा टायर आपल्या रस्त्यांवर सहा-आठ हजार किलोमीटरला उतरतो. चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, पुढच्या शॉकअपची ऑइल सील, सगळ्याचे भाव तुझ्या सवयीच्या तिप्पट. इन्शुरन्समध्ये थर्ड पार्टीचा हप्ता काही जड नाही, ३५० सीसीच्या वर वर्षाला २,८०४ रुपये, जड असतो तो स्वतःच्या नुकसानीचा भाग. त्याचं कोटेशन गाडी ठरवायच्या आधी काढ, त्यात झीरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई, मिळतंय का हे विचार. जुन्या गाडीला बऱ्याच कंपन्या देत नाहीत. मग राहिले अंगावरचे कपडे. चांगलं हेल्मेट, सीई लेव्हल २ चे आर्मर (युरोपीय मानकाचे संरक्षक पॅड) असलेलं चामड्याचं जॅकेट-पँट किंवा सूट, घोट्याच्या वर जाणारे बूट, पूर्ण हातमोजे. लाख-सव्वा लाख बाजूला काढून ठेव. गाडीला साडेअकरा लाख आणि डोक्याला अडीच हजारांचं हेल्मेट, असले हिशेब मी रोज बघतो, आणि मला त्याची खरंच चीड येते.

तुझ्या बाजूचा एक मुद्दा मात्र मान्य करतो. नवी घ्यायची म्हटलं तर आता फार जड जाते. ही गाडी २०२१ मध्ये १४.९९ लाख एक्स-शोरूमला आली होती. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या मोटारसायकलींवर ४० टक्के जीएसटी लागतो, आधी सेस धरून ३१ होता, आणि नवीचा भाव आता वीस लाखांच्या घरात आहे. त्यावर रोड टॅक्स वेगळा. त्यामुळे या वर्गात जुनी बघणं शहाणपणाचं आहे, आणि साडेअकरा हा भाव गाडी स्वच्छ असेल तर लुटीचा वाटत नाही. घाई करण्याइतकाही स्वस्त नाही. या गाड्यांना गिऱ्हाईक मोजकंच असतं, दीड वर्षाने आणखी खाली मिळेल.

हायाबुसा? ती वेगळ्याच जातीची गाडी आहे. १३४० सीसी, १९० पीएस, वजन २६६ किलो, पण सीट ८०० मिलिमीटरवर, म्हणजे तुझे पाय नीट टेकतील. तिची ताकद खालूनच येते, टॉर्क सात हजारांलाच कळसाला असतो, म्हणून रस्त्यावर ती १०आरपेक्षा मोकळी आणि आरामशीर वाटते. लांब पल्ल्याला मला विचारशील तर मी डोळे झाकून हायाबुसा घेईन. पण घाटात आणि गर्दीत २६६ किलो हे २६६ किलोच. पहिली मोठी गाडी म्हणून तिची शिफारस मी कुणालाच करत नाही. लोकांच्या मनात ती १९९९ पासून घर करून बसलीय, त्यातून निर्णय घेऊ नये.

मग तू काय करावंस. आरसी विकू नकोस. तिच्यावर नवे, चांगले टायर टाक आणि तिला चेन्नईला घेऊन जा. श्रीपेरुंबुदूरजवळचा मद्रास मोटर रेस ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे, तिथे शिकवण्याचे वर्ग वर्षातून बरेचदा होतात. कोइंबतूरला करी मोटर स्पीडवे आहे, तो लहान आणि तुझ्या गाडीला जास्त सोयीचा. गाडी चालवत नेऊ नकोस, पिकअपमध्ये दोघा-तिघांनी मिळून टाका. ट्रॅकवर समोरून कुणी येत नाही, खडी नसते, कुत्रं नसतं, वळण तेच तेच पुन्हा येतं, त्यामुळे एकाच गोष्टीवर काम करता येतं. ४३ पीएसची गाडी तिथे पूर्ण पिळता येते. तू तिला संपवलंस का, हे तिथेच कळेल. मला खात्री आहे की अजून संपवलेलं नाहीस. आरसीवाल्याला त्याच ट्रॅकवर आरसीवरच कुणीतरी मागे टाकून जातो तेव्हा त्याच्या डोक्यातला सीसीचा विषय बराच हलका होतो. एक ध्यानात ठेव, मोटार पॉलिसीत रेसिंग आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात, ट्रॅकवरचं नुकसान आपल्या खिशातून.

पुण्यात राहूनही करण्यासारखं आहे. रविवारी सकाळी रिकामं मोठं मैदान किंवा बंद रस्ता बघ आणि ६० वरून थांबायचा सराव कर, पुढचा ब्रेक इतका की एबीएस लिव्हरला टकटक करतोय हे बोटांना जाणवलं पाहिजे आणि तरी गाडी सरळ राहिली पाहिजे. बऱ्याच जणांनी आपल्या गाडीचा एबीएस कधी अनुभवलेलाच नसतो, तो पहिल्यांदा अनुभवतात तेव्हा दचकून ब्रेक सोडतात. मग काउंटर-स्टीअरिंग. उजवीकडे जायचं तर उजवं हँडल पुढे ढकलायचं, हे नकळत सगळेच करतात, पण समोर अचानक काही आलं की जाणूनबुजून करता आलं पाहिजे. आणि वळणाच्या आत ब्रेक न दाबता पूर्ण ताम्हिणी शांत वेगाने उतरून दाखव. जिथे जिथे आत गेल्यावर ब्रेकला हात गेला तिथे तू बाहेरच चुकलेला होतास.

पूर्ण एक हंगाम हे केल्यावरही मन भरलं नाही, तर पुढची पायरी १०आर नको. कावासाकीचीच निंजा ६५० बघ, ६८ पीएस, आणि ६४ न्यूटन-मीटरचा टॉर्क ६,७०० आरपीएमलाच, म्हणजे ८० च्या वेगातही इंजिन जिवंत वाटतं. जास्त धार हवी असेल तर ट्रायम्फ स्ट्रीट ट्रिपल ७६५ आर, १२० पीएस, १८९ किलो. बाहेरून फेअरिंग नाही म्हणून तू नाक मुरडशील. पण आपल्या रस्त्यांवर जलद आणि आनंदाने जायला याहून चांगली गाडी मला माहीत नाही, आणि लिटरवाल्यांना घाटात ती सहज मागे टाकते. माझ्या ओळखीचे बरेच जण १०आरच्या वाटेवर असताना या गाडीपाशी थांबले ते थांबलेच. आणि दीड-दोन वर्षांनंतरही १०आरच हवी असेल, ट्रॅकवर वर्षातून दोन-तीनदा न्यायची तयारी असेल, तर खुशाल घे. मग मीच ती तुला तपासून देईन.

तरीही तू या शनिवारी ती गाडी बघायला जाणारच असशील, म्हणून काय बघायचं ते सांगतो. हँडल आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळव आणि टॉर्च मारून कोनसेटच्या (हँडल जिथे फिरतं त्या बेअरिंगच्या) खाली चेसीवर बघ. तिथे हँडल अडवणारे दोन लहान उंचवटे असतात. दोन्हींवरचा रंग सारखा असला पाहिजे. एकाची कड चेपलेली, दबलेली, किंवा तिथे नंतर रंग मारलेला दिसला तर गाडी पुढून जोरात आपटलेली आहे, मग वरची फेअरिंग कितीही नवी असू दे, तिथून निघून ये. फेअरिंग कोरी करकरीत नवी असणं ही उलट शंकेची गोष्ट. हँडलच्या टोकांचे बार-एंड, फुटरेस्टची टोकं, एक्झॉस्टची खालची बाजू बोटाने चाचप. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. २०२१ ची गाडी, आठ हजार किलोमीटर आणि टायर मूळचेच असतील तर ते खोबरं झालेले असणार, त्यांचे पैसे भावातून कमी कर. इंजिन तू पोचायच्या आधी गरम करून ठेवलंय का ते हात जवळ नेऊन बघ. थंड इंजिन तुझ्यासमोर सुरू झालं पाहिजे.

कागद: पासिंग एमएच चं आहे की बाहेरच्या राज्यातलं? बाहेरचं असेल तर एनओसी आणि महाराष्ट्राचा टॅक्स नव्याने भरणं आलं, तो आकडा आधी काढ. आरसी बुकवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही तुझ्यासमोर. चेसी आणि इंजिन नंबर स्वतः वाचून जुळव. इन्शुरन्सची जुनी कागदपत्रं मागून क्लेमचा इतिहास बघ. तू लिहिलंयस की गाडीला फुल-सिस्टिम एक्झॉस्ट बसवलंय आणि ईसीयू फ्लॅश केलाय (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंग बदललंय), विकणारा ते वरचे दीड लाख म्हणून सांगतोय. माझ्या लेखी ते भाव वाढवत नाहीत, कमी करतात. मूळ सायलेन्सर सोबत देत नसेल तर रस्त्यावर पोलीस पकडणार, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाल्यांना नाकारायला आयतं कारण.

आईबद्दल. ती नको म्हणते ते तिला गाडीतलं कळत नाही म्हणून, असं तू लिहिलंस. तिला गाडीतलं कळायची गरज नाही. तुझा टर्म इन्शुरन्स आहे का? गाडीबरोबर जो १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा असतो तेवढ्यावर विसंबू नकोस. कर्जासकट घरावर काय पडेल त्याचा कागद लिही, पुरेसा टर्म आणि आरोग्य विमा काढ, चेन्नईच्या वर्गाचं बुकिंग कर, आणि मग तिच्यापाशी बस. तिला न सांगता मित्राच्या पार्किंगमध्ये गाडी ठेवायचा जो बेत तू शेवटच्या ओळीत लिहिलायस, तो माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा आणू नकोस.

विकणाऱ्याने मंगळवारपर्यंत पन्नास हजार टोकन मागितलंय म्हणतोस. देऊ नकोस. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे असं तो म्हणेल, तर त्याला दे म्हणावं.